खुर्चीएवढी सावली

दारव्ह्याचा आमचा रस्ता रुंद झाला तेव्हा घरासमोरचा जुना कडुनिंब गेला. करवत चालली त्या दिवशी ह्यांना मी आतच बसवून ठेवलं. अर्धांगवायूनंतर ह्यांचं उजवं अंग लुळं पडलेलं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं. त्या निंबाखाली खुर्चीत बसून येणारी-जाणारी माणसं बघायची, एवढंच ह्यांच्या आयुष्यात उरलं होतं. घर आमचं टिनाचं. चैत्र लागला की दुपारी आत भट्टी पेटते, कूलरसुद्धा गरम हवाच फेकतो.

मग रस्त्याच्या कडेला नवी रोपं लागली. लावणारे इस्त्रीच्या कपड्यांत आले, फोटो काढले, गेले. पाणी कोण घालणार विचारलं तर हसले. बहुतेक रोपं शेळ्यांनीच फस्त केली. आमच्या फाटकासमोरचा निंब तेवढा मी जगवला. बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, डाळ-तांदळाचं धुवण घातलं, नळ आठ-आठ दिवस आला नाही तरी त्याचा वाटा वेगळा काढला. बाया म्हणायच्या, "काकू, हे झाड मोठं होईस्तोर तुम्ही राहान काय?" मी म्हणायची, मी नसले तरी हे बसतील.

तिसऱ्या उन्हाळ्यात सावली पडायला लागली. फार नाही, खुर्चीएवढी. ती सरकेल तशी मी खुर्ची सरकवायची. हे डाव्या हातानं खोड थोपटायचे. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला होता, आठवत नाही.

शेजारचा भाऊ कपाशीवाला. शेत गावाबाहेर, राहणं इथं. माणूस मनानं सोनं. पोळ्याच्या आधी तो शेतात तणनाशक मारून आला, तेव्हा पंप पाठीवरच होता आणि त्यात थोडं औषध उरलं होतं. विकतचं औषध नालीत ओतायला आमच्याकडे कोणाचाच जीव होत नाही, आणि पाठीवर पंप असला की गवत पाहून हात थांबत नाही. निंबाच्या बुडाशी गाजरगवत माजलं होतं. मी भाजी घेऊन परतले तोवर भाऊ नळी गुंडाळत होता.

"काकू, झाडाखालचं सारं साफ करून देलं. काका बसते न तिथं, साप-किरडू निघते."

"झाडाले तं काही होनार नाही न, भाऊ?"

"निंबाले काय होते? कपाशी नाजूक, तिच्यावर औषध उडू नये म्हणून तिथं नोझलले टोपी लावा लागते. हे तं झाड हाय!"

इथं टोपी लावलेली नव्हती. बुंध्याचे कोवळे धुमारे, खालच्या फांद्या, हिरवी साल, सगळं ओलं होतं. मी धावत जाऊन बादल्या ओतल्या. पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

आधी गवत वाळलं. मग धुमारे पिवळे पडले, नवी पानं दोऱ्यासारखी बारीक आली. दिवाळीपर्यंत शेंडा गेला. मी नखानं साल खरवडून बघायची, आत कुठं हिरवं दिसतं का म्हणून. भाऊवर मला खूप ओरडायचं होतं. पण तो रोज सकाळी येऊन बुडाशी पाणी ओतायचा आणि मान वर करायचा नाही. अशा माणसावर काय ओरडणार? मी भांडी आपटायची.

फाल्गुनात त्यानं वाळका निंब काढला आणि नर्सरीतून नवं रोप आणलं, माझ्या गुडघ्याएवढं. "ह्या खेपेले मीच पाणी टाकीन, काकू." ह्यांना मी सवयीनं बाहेर, जुन्या जागी बसवलं होतं. ऊन थेट डोक्यावर. मी उसनं हसत म्हटलं, "पाहा, नवा निंब आला."

ह्यांनी रोपाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"खुर्ची," शब्द जुळवत हे म्हणाले, "अंदर ने."

मी नेली. त्यानंतर हे बाहेर बसलेले नाहीत. भाऊ रोज रोपाला पाणी घालतो, आणि त्या वेळी मी खिडकी लावून घेते.