शेखच्या पुंगळ्या

सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरी फार्मवर मी टर्नर होतो. दूध काढायच्या मशिनांचे पार्ट मी लेथवर कातून द्यायचो, त्यामुळे मला काहीही जमतं अशी तिथल्या लोकांची समजूत झाली होती. खरं सांगायचं तर माझीही तीच समजूत होती.

एका दुपारी कफीलचे, म्हणजे मला कामावर आणणाऱ्या मालकाचे, म्हातारे वडील वर्कशॉपमध्ये आले. आम्ही त्यांना शेख म्हणायचो. त्यांनी माझ्यासमोर रुमाल उलगडला. आत काडतुसांच्या सहा रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांचं जुनं इंग्रजी रिव्हॉल्व्हर होतं, परवान्यासकट. त्या मापाची काडतुसं कारखान्यांनी केव्हाच बंद केली होती, म्हणून शेख त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरून वापरत. पण वापरून वापरून पितळ कडक झालं होतं आणि भरताना पुंगळ्यांची तोंडं तडकत होती. एवढ्या सहाच धड उरल्या होत्या. नातवाचं लग्न तोंडावर आलं होतं. घरातल्या प्रत्येक लग्नात त्या रिव्हॉल्व्हरचे बार झाले होते. हेच लग्न मुकं जाणार, या विचाराने म्हातारा पार खचला होता.

पितळ म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी कोकणातल्या तांबटाचा मुलगा, हे शेखनाही ऐकवलं. रिव्हॉल्व्हरला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं, कारण इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, सगळ्यांनाच प्यारा असतो. पण रिकामी पुंगळी म्हणजे काय, छोटा लोटाच की! मी एक पुंगळी लोट्यासारखीच अख्खी लालबुंद तापवली, पाण्यात टाकली आणि मेसमधून चिंच आणून घासून लख्ख केली.

शेखनी ती हातात घेऊन कौतुकाने फिरवली. मग तिचं बूड पकडीत धरून जरासं दाबलं, तर ते चेपलं. मऊ बुडाला बार झेपत नाही, ते फुटून हाताला इजा करतं, हे त्यांनी खुणांनीच समजावलं.

"खलास," ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. उरलेल्या पुंगळ्या पुन्हा माझ्यापुढे सारत म्हणाले, "तुम्हारा बाप पीतलवाला है ना? उसको पूछो. यल्ला, जल्दी!"

तेच तर अवघड होतं. मी गल्फला आलो आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भट्टी बंद केली. तेव्हापासून फोनवर "बरा आहे, आईशी बोल," यापुढे ते जात नसत. तरी त्या संध्याकाळी मी कार्ड घालून फोन लावला.

"अण्णा, काडतुसांच्या सहा पितळी पुंगळ्यांचं तोंड मऊ करायचंय, पण बूड कडक राहायला हवं."

"तू काय केलंस ते आधी सांग."

मी सांगितलं.

"अख्खी तापवलीस? गाढवा! घागरीचा गळा तापवताना मी बूड कुठे ठेवायचो रे?"

"परातीत. पाण्यात."

"मग? विसरलास? आणि अंधारात कर, म्हणजे रंग कळेल. लाल व्हायच्या आत थांब."

कार्ड संपेपर्यंत अण्णा बोलत होते. इतकं ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मला फार बरं वाटलं.

मी पत्रे लावून वर्कशॉप अंधारं केलं, परातीत पाणी घेतलं आणि एकेक पुंगळी उभी करून फक्त तोंड तापवलं. शेखनी त्या भरल्या. एकही तडकली नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर फार्ममागच्या माळावर सगळे जमले. मी लांब टँकरजवळ उभा राहिलो, घरी फोन लावला आणि मोबाईल उंच धरला. बार झाले. शेख रिव्हॉल्व्हर खाली करून लहान मुलासारखे हसत होते. मी फोन कानाला लावला.

"अण्णा, ऐकलंत?"

"पाचच झाले. सहावा?"

"सहावी मी अख्खी तापवलेली."

अण्णा खदखदून हसले. मग म्हणाले, "भट्टी कालच लिंपून घेतली मी. सुट्टीला आलास की बस माझ्यासमोर. गळा कसा तापवायचा, नीट शिकवतो."