भिंतीवरचा नान

ओयदिनआपाच्या भिंतीवर एक नान टांगलेला आहे, एका बाजूने घास तोडलेला. तिचा मुलगा मिर्झोहिद रशियाला बांधकामावर निघाला तेव्हा त्याने तो घास घेतला. उरलेला आईने जपून ठेवायचा आणि परतल्यावर त्यानेच संपवायचा. आमच्या मर्गिलान शहरात असा नान दिसला की समजावं, या घरातला पुरुष परगावी आहे. मिर्झोहिद सुरुवातीला फोन करायचा, मग गप्पच झाला. नान वाळून खडखडीत झालाय.

आपा विधवा. नान विकून पोट भरायची, पण आमच्या गल्लीत घरटी एक तंदूर, विकणार कुणाला? शेवटी माझ्या सुनेने तिला मोबाईलवर व्हिडिओ टाकायला एक पान उघडून दिलं. "नुसते नान दाखवू नका, आपा, चार शब्द बोला," एवढंच सून म्हणाली आणि आपा बोलायला लागली ती थांबेचना. रिकाम्या घरात दिवसभर बोलणार कुणाशी? इथे हजारो माणसं ऐकत होती. कुणी विचारलं, मागे टांगलेला नान कुणाचा? तिने सगळं सांगितलं. पोराचं नाव, लाडाने त्याला शिंगरू म्हणायची ते, कपाळावरची खोक, उजवीकडून तोडलेला घास. लोक रडले आणि रडता रडता नान मागवू लागले. लग्नाच्या ऑर्डरी आल्या, टॅक्सीवाल्यांच्या हाती ताश्कंदला टोपल्या जायला लागल्या, आपाने दुसरा तंदूर बांधला. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

"आपा, झाकली मूठ सव्वा लाखाची," मी एकदा म्हटलं. "एकटी राहतेस हे जगाला कशाला सांगतेस?"

"तुझं घर भरलेलं आहे, मुकर्रम. तू झाक मूठ."



कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी ती धावतच माझ्या अंगणात आली. "फोन आला! माझ्या शिंगराचा फोन आला!" आवाज बसलेला होता, म्हणे थंडी बाधलीय. कागदपत्रं मालकाने अडकवून ठेवलीत, पैसे पाठव. आपाने पाठवले. मग पुन्हा फोन, पुन्हा पैसे. दुसऱ्या तंदुराची कमाई अशीच वाटेला लागली.

मला काही ते पटेना. "चेहरा दाखव म्हणावं."

"कॅमेरा फुटलाय त्याचा."

"बरा फुटला! मग विचार, घास कोणत्या बाजूचा घेतला होतास?"

पुढचा फोन आला तेव्हा तिने माझ्यासमोरच स्पीकर लावून विचारलं. "उजव्या," तो पटकन म्हणाला. तुतीवरून पडल्यावर कोणता हात मोडला, बाप कशाने गेला, सगळं बरोबर. आपाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी सुनेला आपाचे जुने व्हिडिओ लावायला सांगितले. त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर त्यात होतं, तिच्याच तोंडचं. पोटच्या पोराला ओळखायला तिने एकही खूण मागे ठेवली नव्हती.

तोच मोबाईल घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने एक व्हिडिओ पाहिला, दुसरा पाहिला, फोन पालथा ठेवला आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

"असं काही आहे का आपा, जे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

तिने पिठाचा गोळा उलटा केला. "आहे एक. निघताना दारात तो मला काहीतरी बोलला होता. फार वाईट बोलला गं. ते मी नमाजातसुद्धा ओठांवर आणलं नाही."

"मग तेच विचार ना!"

"आणि त्याला सांगता आलं नाही तर?"

"तर चोर पकडला जाईल, आणखी काय?"

"चोर पकडला जाईल," आपा म्हणाली, "आणि मला आई म्हणणारं कुणी उरणार नाही."

मला तिचा राग आला. रडूही आलं, आणि कशाचं जास्त ते कळेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. विचार, मी हाताने खूण केली. आपाने पिठाचे हात झटकले, फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

"जेवलास का रे, शिंगरा?" तिने विचारलं.