डबा नावाची फाइल

कारखान्याच्या संगणक खोलीत सगळे त्यांना चकतीमास्तर म्हणत. तिथल्या कपाटाएवढ्या डिस्कवर, म्हणजे माहिती साठवायच्या चकतीवर, त्यांचा भारी जीव! पण डिस्क म्हणजे नुसता वैताग. एकेका फाइलचे तुकडे दहा ठिकाणी विखुरलेले. ते गोळा करायला आतला वाचणारा दांडा खडखड धावायचा आणि माणूस ताटकळत बसायचा.

मास्तर मात्र खुशाल ताटकळत. त्यांची बायको पलीकडच्या खोलीत टायपिस्ट. डिस्कवरच्या आपल्या कप्प्यात, ‘डबा’ नावाच्या फाइलमध्ये, ती रोज त्यांच्यासाठी एक ओळ लिहायची. “भाजी उरवलीत तर बघा हं!” खडखड सुरू झाली की मास्तरांना आधीच हसू फुटे.

मग ती गेली, चार दिवसांच्या तापाने. कर्मचाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव मास्तरांनाच काढावं लागलं. फाइल तेवढी राहिली. जेवायच्या सुट्टीत ते रोज ती उघडत, नि खडखड ऐकत बसत.

वर्षाने डिस्कवर फाइली मांडायची नवी पद्धत आली. तुकडे मोठे, एका कप्प्यातल्या फाइली शेजारी शेजारी, आणि डिस्कचा दहावा हिस्सा कायम मोकळा.

“मोकळा कशाला? भरा की!” साहेब म्हणाले.

“हलायला जागाच नसली, तर कुणाला कुणाशेजारी बसवणार, साहेब?”

नव्या पद्धतीसाठी डिस्क पुसायची होती. त्याआधी टेपवर नक्कल, रीतीप्रमाणे यादीतल्या माणसांच्या कप्प्यांची. मास्तरांनी टेप दोनदा तपासली, डिस्क पुसली, सगळं परत भरलं. फाइली फटाफट उघडू लागल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

दुपारी मास्तरांनी जेवणाचा डबा सोडून समोर ठेवला आणि तिचा कप्पा उघडायला गेले. कप्पाच नाही. यादी! अरे देवा, नाव तर आपणच काढलं होतं.

“जुनी टेप असेल ना?” त्यांनी शेजारच्या ऑपरेटरबाईंना विचारलं.

“तिच्यावरच तर नवी नक्कल घेतलीत, मास्तर.”

खोलीत आता खडखडही नव्हती. ती हवी होती, अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती.

तिच्या नावाने नवा कप्पा काढावा, तर ही पद्धत नव्या कप्प्याला त्यांच्या कप्प्यापासून लांब, मोकळ्या भागात नेऊन टाकते. हे मास्तरांना नाही तर कुणाला ठाऊक? त्यांनी समोरचा डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला. मग स्वतःच्याच कप्प्यात ‘डबा’ नावाची फाइल काढली आणि लिहिलं, “भाजी उरवली नाही गं. बघ.”