रंध्याचं झाकण

शिनोलीच्या जानकू मिस्त्रींच्या डाव्या हाताचं मधलं बोट पेरभर आखूड आहे. ते पेर मी घालवलं.

साल २००५. मी आयटीआय पास होऊन त्यांच्याकडं कामाला लागलो होतो. मला सगळं येत होतं, फक्त काम येत नव्हतं.

मिस्त्री डोंगरातले, चौथी शिकलेले. वीस वर्षं हातानं रंधा ओढला, मग आळेफाट्यावरून जुनं रंधा मशीन आणलं. लोखंडी टेबल, मधल्या फटीत गरगरणारी पाती, त्यावर सरकतं झाकण. मशीन चालू करण्याआधी ते रोज अंगठ्यानं बोटं मोजत. "पाच न् पाच धा. धाच घिऊन घरी जायचं, राव."

शिकवायचे तेही असंच. "रेषा बघ लाकडाची. मांजराच्या पाठीवरनं हात फिरवतो तशी फळी सरकव. केसाच्या उलटं गेलास की बोचकारंल." फळी सपाट करताना दोन्ही हातांत ठोकळे, बोटं नाहीत. कड मारताना फळी टेबलावरच्या उभ्या पट्टीला घट्ट. तिरकी कड हवी तर पट्टी कलती करायची आणि थोडं थोडं दोन-तीनदा काढायचं. वीतभर तुकडा मशीनवर घ्यायचाच नाही.

"मिस्त्री, हे सगळं आमच्या पुस्तकात आहे," मी म्हणायचो.

"मंग पुस्तकाला बोटं किती?"

त्या दुपारी मी खिडकीच्या झडपांना काचेसाठी खाच पाडत होतो. खाचेला झाकण काढावंच लागतं. हात थांबला की आधी झाकण लावायचं, बाकी सगळं नंतर, हा मिस्त्रींचा नियम. मधेच लाइट गेली. भारनियमन. मशीन आपोआप थांबलं. थांबलेल्या मशीनचं बटण काय बंद करायचं, असा माझा सर्टिफिकेटवाला विचार. झाकण बाकावर, बटण चालू, आणि मी चहाला.

लाइट वेळेच्या अर्धा तास आधी आली. तेव्हा मिस्त्री पात्यांत अडकलेला भुसा काढत होते. बटण मी बंद केलं असणार, असं ते धरून चालले होते.

दवाखान्यात त्यांची बायको सखूबाई धावत आली. "कसं झालं वो?"

"माझंच चुकलं. लाइट गेली न् बटण बंद करायचं ऱ्हायलं," मिस्त्री म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. तोंडाला चहाचा वास.

पट्टी सुटली त्या दिवशी ते एवढंच बोलले, "गोकुळ, काकूला तू सांग. मी सांगितलं तर चुगली व्हईल. येवढं देणं तुझ्याकडं."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

आता ओझरला माझं स्वतःचं दुकान आहे. बटण दोनदा बंद करतो. दिवाळीत शिनोलीला जातो. परवाही गेलो. काकूंनी चहा ठेवला आणि त्यांचं नेहमीचं सुरू झालं.

"बघ की रं गोकुळ, यांना काय अक्कल? लाइट गेली तर बटण बंद करू न्हाई? तुझ्यावानी शिकलेला जवळ असताना! यांना जरा शिकीव."

मिस्त्री माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, तेच तर अवघड.

"काकू..."

"काय रं?"

"साखर जरा कमी टाका."

मिस्त्री गालात हसले, आणि अंगठ्यानं बोटं मोजायला लागले.