रक्त देऊन काही कळलं नाही

बसची पहिली पायरी चढवेनाशी झाली तेव्हा शाळेत ज्याने त्याने मला वजन कमी करायला सांगितलं. केलं. पायरी होती तिथंच राहिली. मी आदिलाबादला राहते आणि बेल्याच्या सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. कंडक्टरने दंडाला धरून वर ओढल्याशिवाय ही नोकरी होत नाही, हे रोज चारचौघांत दिसायला लागलं, तेव्हा हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. रक्ताच्या तपासणीत स्नायूंच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं. खाली शेरा होता, अर्थ अनिश्चित. पोरांनी पेपरात असं उत्तर लिहिलं तर मी सरळ भोपळा देते.

घाई मला माझ्यासाठी नव्हती. माझी मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे उठून जैनथच्या रस्त्याला पळायला जाते. हेच अक्षर तिच्यातही असेल तर? पण माझा आजार त्या अक्षरामुळेच आहे हे ठरल्याशिवाय तिला तपासून उपयोग नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी घरच्यांचं रक्त आणा.

मी फोनवर आईला तेवढंच सांगितलं. आईने ते पैनगंगेपलीकडे तिच्या भावाला सांगितलं, आणि मामा अख्खी जीप भरून माणसं घेऊन हैदराबादला हजर. वाटेत सगळ्यांना गूळ-शेंगदाणे चारून आणलेले.

"रक्त कमी नाही पडू द्याचं," मामा म्हणाला. "आमी आहो ना."

मला रक्त चढवायचं नाही, आईची फक्त एक छोटी नळी भरून घ्यायची आहे, हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "मंग आमाले काऊन आणलं?" असं मामीने मलाच विचारलं. मी कोणालाही आणलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या जेवणाचं मीच बघत होते.

एवढं होऊन आम्हाला सांगण्यात आलं की, अक्षर रक्तात दिसतं, पण ते काय बिघडवतं हे रक्तातून कळणार नाही. मग इतक्या वेळा दंड बांधून काढलं ते काय, असं मी तोंडावर विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "अम्मा, आप तो टीचर हैं."

टीचर आहे म्हणूनच जास्त चिडले, कारण त्यांचं बरोबर होतं. जनुकाची नक्कल निघाली की तिच्यातले काही भाग कापले जातात आणि उरलेले जोडले जातात. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे मेंदूत वेगळं ठरतं, हृदयात वेगळं, स्नायूत वेगळं. म्हणून मोजक्या जनुकांवर शरीराचा एवढा पसारा चालतो. वर्गात मी हे लग्नाच्या शूटिंगवरून सांगते. शूटिंग एकच, पण नवरीकडच्यांना दिलेल्या फिल्ममध्ये रडणं जास्त आणि नवरदेवाकडच्यांच्या फिल्ममध्ये नाचणं. माझं बदललेलं अक्षर नेमकं कापण्याच्या जागेवर होतं, आणि रक्तात ते जनुक जवळजवळ गप्प. काय कापलं जातंय ते बघायला मांडीतला तुकडाच हवा होता.

आईने ऐकलं आणि ती डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "जे आधीच कमी होऊन राह्यलं, त्यातलंच कापता? माह्या पायातलं घ्या. मायलेकीचं मास काय येगळं असते?"

बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ लागेल ते विचारतेय, असं मी सांगितलं.

तुकडा दिला. माझ्या स्नायूत बऱ्याच नकलांमधून एक भाग गळत होता. म्हणजे अक्षर दोषी ठरलं. मग आईच्या आधीच काढून ठेवलेल्या आणि मुलीच्या नव्याने घेतलेल्या रक्तात तेच अक्षर शोधलं, आणि ते दोघींतही निघालं. तळमडुगूच्या शिवारात उभा जन्म कापूस वेचलेल्या, आजही माझ्यापुढे चार पावलं चालणाऱ्या माझ्या आईत तेच अक्षर. तिच्या स्नायूत नक्कल बहुधा नीट जोडली जात असावी. का, ते माहीत नाही. मुलीचं काय होईल, तेही माहीत नाही. बघत राहा, बाई म्हणाल्या. मला इतका संताप आला की मी नमस्कारही न करता बाहेर पडले.

मुलगी दुसऱ्या दिवशी पळायला गेली. तुकडा दिल्यापासून माझ्याकडे राहायला आलेल्या आईने मात्र दुखणं काढलं. जमिनीवरून उठताना कण्हायची, बाजाराला नको म्हणायची. आता हिचेही पाय गेले, म्हणजे पोरीचे जाणारच, असा मी हिशेब मांडला आणि कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

एका दुपारी मी बसस्टँडवरून ऑटोने घरी येत होते. पुढे आई चालली होती, डोक्यावर गिरणीतून आणलेला पिठाचा डबा, चाल झपाझप. तिने वळून बघितलं, ऑटोत मी दिसले, आणि ती लंगडायला लागली.

मी ऑटो तिच्याजवळ थांबवला. "काऊन सोंग करून राह्यली?"

तिने दोन्ही पाय नीट टेकले. मग म्हणाली, "म्याच देल्लं तुले. अन् तुह्यासमोर मी तडतड चालू? बरं नाही वाटत मले."

"पोरगी तुह्यावर जाते का माह्यावर, हे कोनी सांगून नाही राह्यलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, ऑटोवाला आरशातून बघत होता. "तुहे पाय धड हायेत, एवढंच हाये माह्याजवळ. ते तरी लपवू नको."

आत बस म्हटलं तर बसली नाही. डबा सावरून पुढे निघाली. मी ऑटोवाल्याला हळू घ्यायला सांगितलं आणि घर येईपर्यंत मागून तिची पावलं बघत आले.