टाकीतला डबा

कारखान्याच्या मागच्या अंगाला पंपाची खोली होती आणि त्या खोलीत पंपवाला अर्धं आयुष्य माशा मारत बसला होता. काम काय, तर शेजारची टाकी रिकामी झाली की खटका वर करायचा, भरली की खाली. मधल्या वेळात नुसतं बसायचं. जीव आंबून जायचा. घरी कुरकुर केली की बायको म्हणायची, "अहो, कंटाळ्याचाच पगार मिळतो तुम्हाला. गप घ्या."

पण डोकं गप बसेल तर ना! पाणी चढताना टाकीचा आवाज बारीक का होत जातो, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. म्हणून तो शिडी लावून आत डोकावायला लागला. ते कोडं काही सुटलं नाही. पण एकदा हातातला तेलाचा रिकामा डबा आत पडला. पाणी चढलं की डबा वर, उतरलं की खाली. तो बघत राहिला आणि त्या दिवशी जेवायचंच विसरला. मग डब्याला दोरी बांधली, ती कप्पीवरून खिडकीतून आत घेतली, दुसऱ्या टोकाला वजन लावून ते खटक्याला अडकवलं. कधी दोरी आखूड पडे, कधी वजन हलकं. पण काय दिवस होते ते! सगळ्या नोकरीतले तेवढेच चांगले.

शेवटी जमलं. डबा वर आला की खटका आपोआप खाली पडू लागला, डबा उतरला की वर जाऊ लागला. आणि तिथेच घात झाला, कारण आता खटका ओढायचंही काम उरलं नाही. कंटाळा दुप्पट झाला.

"कुणाला दाखवू नका हं," बायकोने बजावलं होतं. पण अशी गोष्ट माणसाच्या पोटात राहते होय? एका दुपारी त्याने सुपरवायझरला हाताला धरून आणलं. सुपरवायझरने साहेबांना आणलं. साहेबांनी पाठ थोपटली, डब्यासोबत त्याचा फोटो काढला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "मग आता तुम्ही दिवसभर काय करता?"

एवढं सगळं सुचलेल्या माणसाला याचं उत्तर तेवढं सुचलं नाही. महिना संपायच्या आत त्याला नारळ मिळाला. डबा मात्र कामावर राहिला. साहेबांना तरी नावं कशी ठेवायची? स्वतःच्या पायावर धोंडा यानेच मारून घेतला होता, तोही हौसेने.

आता बायकोच्या शिवणकामावर घर चालतं. सकाळी पाणी आलं की तो गच्चीवर टाकीशेजारी स्टूल टाकून बसतो, भर उन्हात, एक हात नळावर ठेवून. परवा तिला राहवलं नाही.

"अहो, इथेही बसवा ना एखादा डबा. तुम्हाला काय अवघड आहे?"

त्याने नळावरचा हात काढला नाही.

"बसवतो की," तो म्हणाला. "पण मग मी दिवसभर काय करू?"