तार जोडलेलीच नव्हती

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. अब्बा चंद्रपुरात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं एकच सांगणं असे — बिघाडाला कारण असतं, ते सापडेपर्यंत झाकण लावायचं नाही. मी कॉम्प्युटरच्या धंद्यात आलो तो हेच शिकून. पण एक झाकण वीस वर्षं उघडंच आहे... आणि त्यात माझी जी चूक आहे, ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

२००२-०३ चा पावसाळा असेल. सिरोंचा तालुक्यात प्राणहिता नदीच्या काठी एक छोटं सरकारी ऑफिस होतं. गावाचं नाव मुद्दाम टाळतो. ऑफिसपासून तीनशे पावलांवर घाट. घाटावर पत्र्याची खोली, आणि पायऱ्यांखाली पाण्यात उभी, पातळीचे आकडे रंगवलेली पट्टी. ती मल्लय्याभाऊ वाचायचे. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. घरात तेलुगू, बाहेर आमची बोली. दिवसातून तीनदा पातळी चिठ्ठीवर लिहून स्वतः ऑफिसात आणून द्यायचे. पाणी चढलं की साहेब पलीकडे जाणारी नाव थांबवायचे.

माझं काम सोपं होतं. घाटावरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, साहेबांच्या टेबलावर दुसरा, मधे तार. मल्लय्याभाऊंनी तिकडे आकडा टाकायचा, आणि साहेबांच्या मशीनवर मी बसवलेल्या वेब सर्व्हरच्या पानावर तो दिसायचा. तार लांब, म्हणून मधल्या गोदामात हब, म्हणजे दोन्हीकडच्या तारा जोडणारी विजेवरची डबी, ठेवला होता. वरचे अधिकारी हे सगळं पाहायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी वीज कडाडली आणि हब जळाला. नवा चंद्रपूरहूनच येणार होता.

मग मी काय केलं... साहेबांच्या मशीनवर मीच आकडा भरला — ४.२ — आणि मशीनला स्वतःचंच पान दाखवायला लावलं. त्याला तार लागतच नाही. पाहणीला आलेले अधिकारी खूश. आमचे साहेब तर फुलूनच गेले.

“मल्लय्या, आता चिठ्ठी घेऊन धावू नको रे बापा. इथीच दिसते मले.”

“पन साहेब, पाय हाएत ना माह्ये...”

“पायाले सुट्टी दे!”

सगळे हसले. मीही हसलो.

बाहेर आल्यावर मल्लय्याभाऊंनी मला बाजूला घेतलं. “रफीकभाऊ, खरंच दिसते ना तिकडं?”

“दिसते ना भाऊ.”

दोन दिवसांत हब येईल, तेवढ्यात कुठं पाणी चढतंय... असं मी स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशीही हब आला नव्हता. सकाळी अकराच्या सुमारास मी साहेबांच्या मशीनपाशी बसलो होतो. साहेब शेजारच्या खोलीत लोकांशी बोलत होते. बाहेर लख्ख ऊन. पानावर ४.२ च्या खाली नवी ओळ आली — ४.९, वेळ ११:१०. मला वाटलं, कुणी तरी हात लावला. थोड्या वेळानं ५.६. मी वाकून मशीनच्या मागे पाहिलं. नेटवर्कचं भोक रिकामं. तार मीच काढून खिळ्याला गुंडाळली होती, ती तिथंच लटकत होती. मी सर्व्हर बंद केला. आता पान उघडायलाच नको होतं.

ते उघडलं. ६.३, वेळ १२:०५.

साहेबांना हाक मारायची, तर तार नाही हे सांगावं लागणार होतं. स्वतः पाहून यायचं, तर तीनशे पावलं होती. मी गेलो नाही. मी मॉनिटर बंद केला.

मग घाटावरून आरडाओरडा ऐकू आला. पाऊस वरच्या अंगाला कुठं तरी झाला होता आणि पाणी चढत होतं. तरी नाव सुटली होती. कुणीच थांबवायला येत नाही म्हणून मल्लय्याभाऊ पायऱ्या उतरून खांद्यावरचा दुपट्टा हलवत, ओरडत राहिले. नाव वळली, माणसं काठाला लागली. पण खालच्या पायरीवरून पाण्यानं त्यांना ओढून नेलं. तेव्हा साडेबारा व्हायचे होते.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीतलं मशीन उघडलं. ४.९, ५.६, ६.३. वेळा मिनिटाला मिनिट त्याच. पुढं काही नाही. ऑफिसात येऊन मॉनिटर लावला, तर तिथं आणखी एक ओळ होती — ७.१, वेळ १२:४०.

घाटावरची पट्टी सातपाशीच संपते.

ती डिस्क मी पुढं कित्येक वर्षं तपासली. जाणकारांना नाव-गाव न सांगता विचारलं. तार नसताना आकडे कसे आले, आणि शेवटचा कुणी टाकला... काहीही हाती लागलेलं नाही.

वाहून गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मल्लय्याभाऊ नदीत खाली सापडले. मी घरी गेलो तेव्हा त्यांची बायको, पोशक्काबाई, भिंतीला टेकून बसली होती.

“सकाळपासून आकडे टाकून राह्यले होते भाऊ. मी डबा घेऊन गेली, तं म्हटलं, जाऊन सांगा ना. तं म्हने, साहेब पाहून राह्यले, येईल कोनी.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “दिसलं होतं का तिकडं?”

“नाही बाई. तार जळाली होती.”

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “मंग ठीक हाए... म्हंजे पाहून कोनी गप्प बसलं, असं तं नाई झालं ना.”

मी मान हलवली. नाही म्हणून.